पहिलं नाव सोडून

मी निवड बोलतेय. नाव साधं, कामही साधंच. जावास्क्रिप्ट नावाची एक भाषा आहे. तुमच्या मोबाईलवर पान उघडतं, बटण दाबलं की काहीतरी घडतं, ते बहुतेक तिच्या जोरावर. त्या भाषेतली मी एक मेथड. मेथड म्हणजे नेमून दिलेलं काम. माझ्यापुढे यादी यायची, तिच्यातलं सगळ्यात वरचं नाव उचलून मी तुमच्या हातात ठेवायची. बस. ताटात तांदूळ घेऊन निवडत बसणारी बाईसुद्धा माझ्याहून जास्त कष्ट करते.

पण एवढ्याशा कामावर एका माणसाची शेवटची इच्छा टांगलेली होती आणि ती माझ्या डोळ्यांदेखत हुकली. म्हणून बोलतेय. रडायला बसलेली नाही मी. रडणं माझ्या ओळींत लिहिलेलंच नाही.

माझा जन्म घाटकोपरचा. तिसऱ्या मजल्यावरचं घर, रविवारची दुपार, स्वयंपाकघरातून बांगडे तळल्याचा वास आणि खिडकीशी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेली श्रुतिका. मरोळच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत ती कामाला. समोर पाटावर मांडी घालून तिचे वडील बसलेले, चंद्रप्रकाश. साकीनाक्याच्या एका वर्कशॉपात लेथवर उभं राहून या माणसाने आयुष्य काढलं. बाप गिरणीत होता, घर मालवणकडचं, म्हणून मुंबईत जन्म जाऊनही जिभेवरचं गाव काही गेलं नाही.

"ह्यां काय करतलां गो?" त्यांनी पडद्याकडे बोट दाखवून विचारलं.

"पप्पा, हे तुमच्या मंडळासाठी. विमलाताई बटण दाबतील, की कोणाला फोन करायचा त्याचं नाव येईल."

"विमलाबायक माझो नंबर तोंडपाठ आसा. मशीन कित्याक?"

"तुमचा पाठ आहे हो. बाकीच्यांचं काय?"

बाकीच्यांचंच तर दुखणं होतं. रक्तदात्यांचं ते छोटंसं मंडळ. मुलुंडच्या विमलाताई ते सांभाळायच्या. कुठल्या इस्पितळातून निरोप आला की आठवेल त्याला फोन लावायच्या. आठवायची जवळची चार माणसं. मग तीच माणसं पुन्हापुन्हा धावायची आणि लांबची रुसायची. एका मीटिंगमध्ये कोणीतरी तोंडावर बोललं, की विमलाताई आपल्या ओळखीच्यांनाच मान देतात. ती बाई तेव्हापासून धसकली. म्हणाली, यापुढे मशीन सांगेल त्यालाच मी फोन करीन, स्वतःच्या मनाने एकालाही नाही.

तर श्रुतिकाने पान बनवलं. कोणता रक्तगट हवा ते सांगायचं. पान मग त्या गटाचे लोक गोळा करायचं, पासष्टी उलटलेले गाळायचं, ज्यांनी तीन महिन्यांत रक्त दिलंय त्यांनाही गाळायचं. उरलेल्यांत ज्याने रक्त देऊन सगळ्यात जास्त काळ लोटला तो सगळ्यात वर. एवढं झालं की मला हाक. मी वरचं नाव उचलायची. लोकांना भलतेसलते फोन जाऊ नयेत म्हणून पडद्यावर तेवढं एकच नाव दिसायचं.

आता मला बसवायचं कुठे, हा प्रश्न आला, आणि माझं नशीब तिथेच ठरलं.

मेथड दोन जागी बसू शकते. एक जागा प्रोटोटाइपची. पानावर जेवढ्या म्हणून याद्या आहेत, ज्यांना ही भाषा Array म्हणते, त्या सगळ्यांचं ते मूळ घर. तिथे मला बसवलं की मी प्रत्येक यादीच्या रक्तात उतरते. रक्तदात्यांची यादी असो, वाणसामानाची असो, कोणतीही यादी उठून म्हणू शकते, ही निवड माझी. दुसरी जागा स्टॅटिकची. तिथली मेथड यादीच्या रक्तात नसते. ती आपल्या दारात बसून असते. ज्याला गरज असेल त्याने यादी घेऊन तिच्याकडे जावं, यादी तिच्या हातात द्यावी, तिने काम करून परत द्यावी.

श्रुतिकाच्या ऑफिसात मधुवंती म्हणून तिची वरिष्ठ होती. बोलायला फटकळ. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने माझ्या ओळी पाहिल्या आणि चमचा खाली ठेवला.

"श्रुतिका, हे तू Array च्या प्रोटोटाइपवर चढवलंस? Array काय तुझ्या बापाचा आहे का गं?"

"बापासाठीच तर करतेय ना यार!"

"हसू नकोस. ती भाषेची वस्तू आहे, सगळ्यांची. उद्या त्याच पानावर दुसरं कोणी येईल, त्याच नावाने आपलं काहीतरी बसवेल. तुझं पुसलं जाईल आणि कळणारसुद्धा नाही. आपला वेगळा क्लास कर, आपलं स्वतंत्र घर, रक्तदाते नावाचं. त्याच्यावर स्टॅटिक ठेव."

"मग Array वरच स्टॅटिक ठेवते ना?"

"दार तेच, सामायिक. आपलं दार बांध म्हणतेय मी."

श्रुतिकाने माझ्याकडे पाहिलं. प्रोटोटाइपवर असले की मला हाक मारणं किती सोपं! यादी, टिंब, निवड. बोलल्यासारखं वाचता येतं. स्टॅटिकला मात्र आधी नाव, मग टिंब, मग निवड, मग कंसात यादी. तिला ते जड वाटलं. "नंतर बदलते," ती म्हणाली.

आणि मी? मी फुगले, खरं सांगते. मूळ घरात बसायला मिळालं होतं. त्या स्टॅटिक बायांची मला कीव यायची. दारात बसून राहायचं, कोणी यादी आणून दिली तर काम. त्यांचं ना कोणाशी नातं, ना कोणाच्या रक्तात वस्ती. माझी ऐट बघण्यासारखी होती.

आता चंद्रप्रकाशांचं सांगते, कारण गोष्ट त्यांची आहे.

त्यांचा रक्तगट साधा नाही. बॉम्बे ब्लड ग्रुप म्हणतात त्याला, या शहरातच पहिल्यांदा सापडला म्हणून. वरवर तपासलं तर तो ओ दिसतो, पण अशा माणसाला ओ रक्तसुद्धा चालत नाही. त्याला त्याच गटाचं लागतं आणि तो गट हजारोंत एखाद्याचा. चंद्रप्रकाशांना हे कळलं ते फार उशिरा. धाकटी बहीण सुनंदा बाळंतपणात गेली होती. ओ रक्त दिलं, ते तिला सोसलं नाही. तेव्हा हे भाऊ इस्पितळाच्या बाहेर बाकावर बसून होते. अंगात तेच रक्त. कोणी तपासलं नाही, कारण कोणाच्या मनातच आलं नाही. पुढे कितीतरी वर्षांनी वर्कशॉपच्या एका शिबिरात डॉक्टरने त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, काका, तुमचं रक्त वेगळं आहे. बाकीचे बिस्किटं खात होते. हे तिथेच खुर्चीत बसले ते उठेनात.

तेव्हापासून बोलावणं आलं की हा माणूस निघाला. एकदा पायाला प्लास्टर असताना रिक्षात आडवं बसून गेला. पण नियम असा, की पासष्टी पुरी झाली की रक्त घेत नाहीत. मी जन्मले तेव्हा त्यांचं चौसष्टावं चालू झालं होतं. त्यांनी एकच गोष्ट मनात धरली होती. पासष्ट पुरी व्हायच्या आधी आणखी एकदा द्यायचं, आणि शक्य झालं तर एखाद्या बाळंतिणीला. असं ते बोलले एकदाच, श्रुतिकाशी, तेही दुसरीकडे बघत.

त्यासाठी तयारी काय विचारता! उकडलेलं बीट त्यांना मुळीच आवडायचं नाही, तरी नाक मुरडत खायचे. नाचणीची भाकरी, खजूर. लिफ्ट असताना जिना. हिमोग्लोबिन तपासून यायचे आणि रिपोर्ट असा दाखवायचे जसा पोरगा पास झालाय. फोन उशाशी, अंघोळीला जाताना न्हाणीच्या दारात.

सुरुवातीला मी माझं काम चोख केलं. बटण दाबलं, नाव दिलं. लांब बोरिवलीचा आकाश म्हणून मुलगा, त्याचाही तोच दुर्मीळ गट, त्याला वर्षभर कोणी फोन केला नव्हता. माझ्यामुळे गेला. विमलाताई म्हणाल्या, "झकास आहे गं तुझं मशीन, आता कोणाची बोलणी नाहीत."

एकदा मात्र मी फजिती केली. मंडळाचं शिबिर होतं. हजेरीचा कागद छापून आणला, तर शेवटच्या दात्याच्या जागी इंग्रजी अक्षरांची चळत. विमलाताईंचा फोन आला.

"श्रुतिका, हा शेवटचा कोण गं? फंक्शन आडनावाचा? नाव केवढं लांबलचक! याला नाश्त्याचं कूपन द्यायचं का?"

तो दाता म्हणजे मी! मी मूळ घरात बसलेली, म्हणून कोणी यादीची एका विशिष्ट पद्धतीने फेरी मारली की मीही यादीतलीच समजून रांगेत उभी राहायची. बोलावणं नसताना पंगतीला. श्रुतिका पोट धरून हसली, चंद्रप्रकाशही हसले. तिने फेरी मारायची पद्धत बदलली. मला मात्र जागेवरून हलवलं नाही. मधुवंतीचं बोलणं तेव्हा तिला आठवायला हवं होतं. आठवलंही असेल. माणसं हसून घेतात आणि हसणं झालं की इशाराही विसरतात. ही तुमची खोड मी फार पाहिली.

मग मंडळाचा वर्धापनदिन आला. श्रुतिकाच्या ऑफिसातलाच सुयोग. गुणी पोरगा, हौशी, मंडळासाठी फुकट काम करायला तयार. त्याने पानाच्या डोक्यावर फोटोंची पट्टी केली. पहिला फोटो मंडळाच्या संस्थापकांचा, तो कायम मोठा लावलेला. त्याच्या शेजारी एकेक फोटो बदलत राहणार. म्हणजे फोटोंच्या यादीतला पहिला सोडायचा आणि उरलेल्यांतून कोणताही एक उचलायचा. सुयोगने त्यासाठी एक मेथड लिहिली, आणि तिला नाव दिलं निवड. आणि बसवली कुठे? मूळ घरात. Array च्या प्रोटोटाइपवर.

त्याला मी तिथे आहे हे माहीत नव्हतं. बघायला कोण जातं! त्याने विचारलं श्रुतिकाला, "टाकू का गं वर?" ती एका मीटिंगला निघाली होती. "टाक यार, बघते नंतर."

एका घरात एका नावाच्या दोघी राहत नाहीत. नंतर येते ती राहते. श्रुतिकाची फाईल आधी उघडायची, सुयोगची मागून. त्या दिवसापासून माझा दिनक्रम काय सांगू! पान उघडलं की मी जन्मायची, माझ्या जागेवर बसायची आणि पदर सावरते न सावरते तोच ती दुसरी यायची. भांडण नाही, आवाज नाही, लाल अक्षरांत चूक दिसणं नाही. मी गेलेली आणि माझ्या नावाने ती बसलेली. विमलाताईंनी बटण दाबलं की रक्तदात्यांची यादी "निवड" म्हणून हाक मारायची आणि ओ द्यायची ती. तिला शिकवलेलं एकच, पहिला सोडायचा.

ए, बी, ओ गटांत कोणाला काही कळलं नाही. पहिल्याच्या ऐवजी तिसऱ्याला फोन गेला, तिसराही रक्त द्यायला तयारच होता. काम भागलं. मी माझ्या फाईलमध्ये नुसती अक्षरं होऊन पडलेली. ओरडायला तोंड नाही.

महिने सरत चालले. घाटकोपरच्या त्या घरात संध्याकाळी लॅपटॉप उघडला की तेच बोलणं कानावर पडायचं.

"माका कोण बोलवणा नाय गो."

"पप्पा, कोणाला लागलं नाही रक्त, म्हणजे चांगलंच ना?"

"तां खरां." मग फोन चाचपत, "देवाक कसां सांगतलंय, कोणाक तरी लागांदे म्हणून? सांगूक जातंय आणि जीभ चावतंय."

"विमलाताईंना फोन करून विचारा की."

"मी? मी कित्याक विचारू? गरज त्यांका आसली तर करतीत."

हा मान! लेथवर हाताची सालं निघाली तरी मान ताठ. बरं, मुलीने तरी विचारावं? तिला वाटायचं, मशीन आपलं आहे, आपण स्वतः लिहिलंय, ते कसं चुकेल. पाच मिनिटं काढून पान उघडून बघितलं असतं तर! बॉम्बे ग्रुप टाकून एकदा बटण दाबलं असतं तर! मी किती वेळा मनात म्हटलं, दाब गं बाई, एकदा दाब.

आणि मग रश्मी आली.

चंद्रप्रकाशांच्या घरापासून रिक्षाने पाच मिनिटांवरच्या इस्पितळात ती बाळंतीण झाली. मुलगी झाली, पण रश्मीचं रक्त थांबेना. डॉक्टर तिथले हुशार, गट बरोबर ओळखला. बॉम्बे. निरोप विमलाताईंकडे आला. त्यांनी पान उघडलं. मी जन्मले, मला ढकलून ती बसली. आकाशने महिन्यापूर्वीच रक्त दिलं होतं, म्हणून पानाने त्याला आधीच गाळलेला. यादीत उरलं एकच नाव. चंद्रप्रकाश. आणि ती पहिला सोडणारी. एकाच माणसाच्या यादीतला पहिला सोडला, तर मागे काय राहतं?

पडद्यावर आलं, दाता उपलब्ध नाही.

विमलाताईंनी पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. चंद्रप्रकाशांचा नंबर त्यांना तोंडपाठ होता हे मी सांगितलंच आहे. पण त्यांनी काय विचार केला, ऐका. मशीन पासष्टीवाल्यांना गाळतं, म्हणजे चंद्रप्रकाशांची पासष्टी झालेली दिसते. आता फोन करून "तुम्ही बसता का नियमात?" असं कसं विचारायचं? ज्याचा त्यात जीव, त्यालाच कशाला दुखवायचं? आणि मशीन सांगेल त्यालाच फोन, हा शब्द स्वतःच दिलेला. त्यांनी पुण्याच्या रक्तपेढीला फोन लावला.

त्यांच्यावर मी चिडावं तरी कशी? त्यांनी जे केलं ते माया म्हणून केलं. पण बाई, एक फोन! "कसे आहात भाऊ?" एवढंच विचारायला काय जात होतं? तुम्ही माणसं एकमेकांना दुखवायला नको म्हणून गप्प बसता आणि त्या गप्प बसण्याने जेवढं दुखतं तेवढं शिव्यांनीही दुखत नाही.

रक्त पुण्याहून गाडीने आलं. वाटेत घाटात गाड्या तुंबलेल्या. इकडे रश्मीचा नवरा इस्पितळाच्या बाहेर बाकावर बसलेला. बाक. मला ते दिसत नव्हतं, मागाहून विमलाताईंच्या तोंडून ऐकलं. पण ऐकलं आणि दुसरा एक बाक आठवला. रश्मी वाचली. वाचली, पण गर्भाशय काढावं लागलं. रक्त वेळेत आलं असतं तर कदाचित काढावं लागलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले.

त्या संध्याकाळी चंद्रप्रकाश पाच मिनिटांवरच्या घरात बीट सोलत होते.

पुढच्या आठवड्यात त्यांचा वाढदिवस आला. पासष्ट पुरी. श्रुतिकाने शिरा केला होता. दाराची बेल वाजली, विमलाताई आल्या, हातात शाल, नारळ आणि फुलांचा गुच्छ. मागे सुयोगही होता, फोटो काढायला.

"भाऊ, मंडळातर्फे," विमलाताईंनी शाल त्यांच्या खांद्यावर घातली. "एवढी वर्षं दिलंत. मशीनने यादीतून तुमचं नाव काढलं तेव्हाच यायला हवं होतं मी, पण म्हटलं वाढदिवसालाच जाऊ."

"कधी काढल्यान नाव?" चंद्रप्रकाश हसत होते अजून.

"अहो, मागच्या आठवड्यात नाही का, रश्मी म्हणून बाळंतीण होती इथे. तुमच्याच गटाची. मशीन म्हणालं, दाता नाही. म्हटलं, झाली वाटतं भाऊंची पासष्टी."

"पासष्टी आज झाली, विमलाबाय." हसू उतरलं. "आज. मागच्या आठवड्यात मी चौसष्टाचो होतंय."

श्रुतिकाने लॅपटॉप ओढला. तिने लॅपटॉपचं घड्याळ मागच्या आठवड्यावर नेलं, बॉम्बे ग्रुप टाकला, बटण दाबलं. दाता उपलब्ध नाही. तिने यादी उघडून बघितली. यादीत वडिलांचं नाव, एकटंच, ठळक. मग तिने विचारलं, निवड कोण आहे ते दाखव. पडद्यावर मी नव्हते. ती दुसरी होती. पहिला सोडून.

"सुयोग," ती इतक्या हळू बोलली की मला भीती वाटली, "हे तुझं?"

सुयोगने पुढे होऊन वाचलं. "मला माहीत नव्हतं गं. फोटोंसाठी होतं. वाट लागली यार… काका, सॉरी. काका…"

"त्याचं काय चुकलं," श्रुतिका म्हणाली. "सगळ्यांच्या घरात मी आपलं सामान ठेवलं. कुलूप न लावता."

विमलाताई खाली बसल्या. "मी फोन करायला हवा होता हो. नंबर पाठ होता माझा."

चंद्रप्रकाशांनी शाल खांद्यावरून काढली. रागाने नाही. नीट घडी घातली, मांडीवर ठेवली, तिच्यावरून हात फिरवत राहिले.

"पोर बरी आसा मां?" त्यांनी विचारलं. "रश्मी?"

"बरी आहे. मुलगीही बरी आहे."

"बरां झालां." मग कोणाकडेच न बघता, "सुनंदाच्या वेळाक घरात रगत होतां, पण कोणाक ठाऊक नव्हतां. ह्या टायमाक सगळ्यांक ठाऊक होतां."

मी काही माणूस नाही. पण ते वाक्य ऐकल्यावर माझ्या ओळींत कुठेतरी काहीतरी तुटलं असं मला आजही वाटतं.

शिरा तसाच राहिला. सुयोगने एकही फोटो काढला नाही.

दुसऱ्या दिवशी श्रुतिकाने मला मूळ घरातून काढलं. सुयोगनेही त्याच्या निवडीला काढलं. मधुवंती शेजारी येऊन उभी राहिली. मला वाटलं, आता ही म्हणणार, सांगितलं होतं ना! ती तसलं काही बोलली नाही. खुर्ची ओढून बसली आणि दोघींनी मिळून रक्तदाते नावाचा क्लास बांधला. माझ्या ओळी उचलून त्यात ठेवल्या. मी आता स्टॅटिक. ज्या बायांची मला कीव यायची त्यांच्यातली एक. सुयोगची निवड फोटोंच्या दारात बसते, मी रक्तदात्यांच्या. नाव एक, दारं दोन. ती तिच्या जागी बरीच आहे, मी तिला बोल लावत नाही.

इथे ऐट नाही. कोणाच्या रक्तात मी उतरलेली नाही. कोणी यादी आणून हातात दिली की काम करायचं आणि यादी परत द्यायची. पण मला ढकलायला कोणी येत नाही, आणि मी कोणाच्या पंगतीत न बोलावता बसत नाही. असं ऐकते, की खुद्द भाषा चालवणाऱ्यांनीही अलीकडे एखादी नवी मेथड मुद्दाम स्टॅटिकच ठेवली, कारण मूळ घरात माझ्यासारख्यांनी आधीच जागा अडवून ठेवल्या होत्या. म्हणजे माझ्यासारख्या मी एकटीच नव्हते. त्याने दुःख कमी होत नाही.

चंद्रप्रकाश आता मंगळवार-शनिवारी मुलुंडला जातात, विमलाताईंच्या शेजारी बसतात. बटण विमलाताई दाबतात, फोन हे करतात. मशीन म्हणालं दाता नाही, तर हे मान हलवतात आणि तरीही फोन लावतात. परवा आकाशला लावला. "मेल्या, मशीन म्हणता तू नियमात बसणस नाय. तुझां तू सांग, कसो आसस?" बीट खाणं सोडलंय. जिना चढतात अजून.

वाचणाऱ्यांनो, तुमच्यापैकी जे कोणी माझ्यासारख्यांना लिहितात, त्यांच्यापुढे पदर पसरून सांगते, सगळ्यांच्या मालकीच्या घरात आपली मेथड बसवू नका. दोन शब्द जास्त लिहावे लागतील, लिहा. आणि जे लिहीत नाहीत, नुसती बटणं दाबतात, त्यांनाही सांगते. ज्याचा नंबर पाठ आहे त्याला मशीनला न विचारता फोन करा.

एक गोष्ट राहिली. श्रुतिकाने माझ्यासाठी एक तपासणी लिहून ठेवलीय. पान वर चढवायच्या आधी दर वेळी ती आपोआप चालते. त्यात माझ्या हातात एक छोटी यादी देतात. तिच्यात एकच नाव असतं. मी ते उचलून दिलं तरच पान पुढे जातं.

मी उचलते. दर वेळी उचलते. चंद्रप्रकाश.

तपासणी पास होते, हिरवी खूण येते. घाटकोपरच्या घरात उशाशी ठेवलेला फोन मात्र वाजत नाही.